सलाइनच्या पिशवीतले झाड

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वनस्पतिजन्य संयुगे गुणकारी ठरत असल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर नुकतीच वाचली. हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील कॅटेचिने, द्राक्षाच्या सालीतील रेझवेराट्रॉल आणि दारुहळदीतील बर्बरीन अशी चार नावे तीत एका दमात आली होती, ही चारही द्रव्ये ‘कर्करोगाच्या पेशी नष्ट करतात’ असे एकाच वाक्यात सांगून टाकले होते आणि त्या वाक्याच्या शेपटाला ‘दुष्परिणामांशिवाय’ हा शब्द जोडलेला होता. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनस्पतिजन्य औषधे हा विषय मी बरीच वर्षे शिकवला आहे. तेव्हा अशा बातमीने खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. तो का झाला नाही, हे जरा विस्ताराने लिहिते आहे.

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. पेशी मेल्या हे खरे, पण त्या कुठे मेल्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, उंदराच्या आतड्यात की माणसाच्या, याचा उल्लेख बातमीत कुठेच नव्हता. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग जगात आढळाच्या दृष्टीने तिसऱ्या आणि मृत्यूंच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले, असा जागतिक कर्करोग-नोंदींचा अंदाज आहे. म्हणजे अशी बातमी वाचणाऱ्यांत हा आजार झालेली, किंवा घरात तो पाहिलेली माणसे असतातच, आणि ती बातमी कात्रण काढून जपून ठेवणारीही तीच असतात.

माझ्या थोरल्या भावाला या आजारासाठी केमोथेरपी चालू होती, तेव्हा दर चौदा दिवसांनी मी त्याच्यासोबत जात असे. एका सकाळी सिस्टरने सुई लावताना नेहमीप्रमाणे विचारले, “काका, आणखी कुठलं औषध चालू नाही ना?” दादा म्हणाला, “नाही.” सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर त्याने पिशवीतून प्लास्टिकची एक बाटली काढली, दोन हिरवट कॅप्सूल तळहातावर घेतल्या आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकल्या. “मग हे काय आहे?” मी विचारले. “हे औषध थोडंच आहे? झाडपाल्याचं आहे,” तो म्हणाला, आणि डोक्यावर टांगलेल्या सलाइनकडे हनुवटीने खूण करून पुढे म्हणाला, “औषध ते. ते सगळं रसायन.” त्या पिशवीला लावलेल्या चिठ्ठीवर आयरिनोटेकॅन असे लिहिलेले होते.

संपादक महोदय, आयरिनोटेकॅन हे झाडातून आलेले औषध आहे, आणि वनस्पतीतल्या रेणूचे आतड्याच्या कर्करोगावरचे औषध कसे होते हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. चीनमध्ये ‘आनंदवृक्ष’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅम्पटोथेका अॅक्युमिनाटा या झाडातून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॅम्पटोथेसिन हा रेणू वेगळा केला आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. उंदरांमधील कर्करोगावर तो विलक्षण परिणामकारक होता. आजच्या पद्धतीची बातमी तेव्हा लिहिली गेली असती, तर ‘आनंदवृक्षात सापडले कर्करोगावरचे औषध’ असाच मथळा झाला असता, आणि तो साफ चुकीचा ठरला असता. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार तयार करून १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांना देण्यात आला. क्षार करताना रेणूतले लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडते. त्यामुळे तो विरघळतो खरा, पण त्याचा गुणही बराचसा जातो. पुढे मूत्राशयातल्या आम्लधर्मी वातावरणात तेच कडे पुन्हा मिटते आणि रेणूला त्याची धार नेमकी नको तिथे परत मिळते. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे हा रेणू बाजूला पडून होता. तो नेमके काय करतो हे १९८५ मध्ये उलगडले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएच्या दुहेरी धाग्याची प्रत काढली जाते, आणि पीळ भरलेला दोर पुढून उलगडत न्यावा तसा तो धागा उलगडताना त्यात ताण साठत जातो. हा ताण सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे एंझाइम दोन पदरांपैकी एक पदर क्षणभर कापते, पीळ सोडते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते, त्यामुळे पदर जोडला जात नाही. प्रत काढणारी यंत्रणा तिथवर येऊन आदळली की तात्पुरता काप कायमचा होतो आणि पेशी मरते. वेगाने दुभंगणाऱ्या पेशीवर याचा आघात जास्त, म्हणून कर्करोगाच्या पेशी मरतात. पण केसांच्या मुळाशी, अस्थिमज्जेत आणि आतड्याच्या अस्तरातही पेशी वेगानेच दुभंगत असतात, आणि रुग्णाचे जे हाल होतात त्यांचे मूळ तिथे आहे.

जपानी रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूला एक जोड देऊन तो पाण्यात विरघळेल असा केला, तेच आयरिनोटेकॅन. जपानमध्ये त्याला १९९४ मध्ये इतर काही कर्करोगांसाठी आणि अमेरिकेत १९९६ मध्ये पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. झाडातून रेणू बाहेर पडल्यापासून तो आतड्याच्या रुग्णाच्या शिरेत पोहोचेपर्यंत तीस वर्षे गेली. आज फ्लुओरोयुरॅसिल आणि फॉलिनिक आम्ल यांच्या जोडीने, फॉलफिरी या नावाने, तो जगभर दिला जातो. शरीरात गेल्यावर त्याचे एसएन-३८ या कितीतरी पट अधिक जहाल द्रव्यात रूपांतर होते, यकृत त्याला साखरेचा एक तुकडा जोडून निष्प्रभ करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते, आणि तिथले जिवाणू तो तुकडा पुन्हा काढून टाकतात. केमोनंतर काही दिवसांनी लागणाऱ्या भयंकर जुलाबांचे एक मोठे कारण हे आहे. काहींच्या यकृतात निष्प्रभ करणारे एंझाइम जन्मतःच कमी असते. त्यांना औषधाची मात्रा कमी ठेवावी लागते. औषध चढत असतानाच काहींना घाम फुटतो आणि पोटात कळ येते. त्यावर अॅट्रोपीनचे इंजेक्शन देतात, आणि तेही मुळात बेलाडोना या विषारी झुडपातले. दादाच्या खाटेभोवती झाडपाल्याची अशी रेलचेल होती. फक्त त्यावर पानाचे चित्र नव्हते.

जाता जाता सांगते, कॅम्पटोथेसिन सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या या झाडातही असते, आणि ते असल्याचे कळल्यापासून त्या झाडाची इतकी तोड झाली आहे की आता त्याच्या अस्तित्वाचीच काळजी वाटते. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा हाही एक हिशेब आहे; तो सहसा कुणी मांडत नाही.

‘कर्करोग’ हा शब्दही असाच फसवा आहे. वॉल आणि वाणी याच जोडीने पुढे पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल शोधले. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात ते आधारस्तंभ ठरले, पण आतड्याच्या कर्करोगावर त्याची मात्रा चालत नाही. सदाफुलीतल्या व्हिन्क्रिस्टीनने रक्ताचा कर्करोग झालेली असंख्य मुले वाचवली; आतड्याच्या उपचारात त्याला स्थान नाही. ‘कर्करोगावर गुणकारी वनस्पती’ या शब्दांत कोणत्या कर्करोगावर, हा प्रश्न गिळून टाकलेला असतो.

तरीही आतड्याच्या बाबतीत वनस्पतिजन्य संयुगांकडून आशा ठेवायला सयुक्तिक कारणे आहेत, आणि माझा आक्षेप त्या आशेला नाही. हा आजार बहुतेक वेळा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे एक छोटा उंचवटा येतो. एपीसी या जनुकातल्या बिघाडापासून सुरुवात होऊन पुढे केरास, पी-५३ अशा जनुकांत एकेक बिघाड साठत जातो, आणि साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. एवढ्या लांब रस्त्यात एखाद्या सौम्य द्रव्याने वाट अडवता येईल, ही कल्पना भाबडी नाही. दुसरे असे की, रक्तात न शोषले जाणे हा इतर अवयवांच्या बाबतीत औषधाचा दोष, पण आतड्याच्या बाबतीत तो काही अंशी गुण ठरू शकतो. कारण जे शोषले गेले नाही ते खाली आतड्यातच उतरते आणि अस्तराला थेट लागते. कर्क्युमिन घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याच्या ऊतींमध्ये ते मोजण्याइतके सापडलेही आहे, आणि तेव्हा रक्तात ते जेमतेम होते.

पण म्हणून पुढचे सगळे सिद्ध होत नाही. कर्क्युमिन मी वर्गात नेहमी दाखवत असे. परीक्षानळीतल्या पिवळ्याधमक द्रावणात अल्कलीचा थेंब टाकला की ते क्षणात तांबडेलाल होते. मुलांना तो रंगाचा खेळ आवडायचा. मग मी त्यांना नळी तशीच ठेवायला सांगत असे. तास संपेपर्यंत तो लाल रंग विटून मळकट झालेला असे, म्हणजे रेणू मोडलेला असे. अल्कली तर दूरच. शरीराच्या तापमानाला, जवळजवळ उदासीन अशा साध्या द्रावणात, सांभाळायला प्रथिने नसतील, तर कर्क्युमिनचा सुमारे नव्वद टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. पोटात घेतलेले बरेचसे कर्क्युमिन शोषले जात नाही, आणि जे जाते ते आतड्याची भिंत आणि यकृत मिळून लगेच निष्प्रभ करतात. दिवसाला आठ ग्रॅम दिलेल्या रुग्णांच्या रक्तातही ते दोन मायक्रोमोलरच्या (द्रावणातले प्रमाण मोजण्याचे एकक) खालीच राहिले. प्रयोगशाळेत पेशी मारायला मात्र सर्रास दहा ते पन्नास मायक्रोमोलर वापरतात. शिवाय हा रेणू स्वतः चमकतो, वाटेल त्या प्रथिनाला चिकटतो, आणि चाचणीत ‘परिणाम झाला’ असा खोटा कौल देण्यासाठी औषधशास्त्रज्ञांत तो कुप्रसिद्ध आहे. कर्क्युमिनवर झालेल्या शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्यांचा २०१७ मध्ये आढावा घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी, प्लासिबोशी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणाऱ्या दुहेरी अंध (कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत ते एकदाही यशस्वी ठरलेले नाही, असा निष्कर्ष काढला होता. या विषयावर ढिगाने निबंध लिहिणाऱ्या एका नामवंत संशोधकाचे दोन डझनांहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले आहेत, हे त्या ढिगाकडे बघताना ध्यानात ठेवावे लागते.

यातली एक हकीकत मला आपल्या वाचकांपुढे सविस्तर ठेवायची आहे, कारण एवढी बोलकी हकीकत मी दुसरी वाचलेली नाही. एपीसी जनुकातला दोष वारशाने आलेल्या काही कुटुंबांत तरुण वयातच आतड्यात शेकडो पॉलिप येतात आणि आतडे काढून न टाकल्यास त्यांतून कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते. अशा पाच रुग्णांना मार्सिया क्रुझ-कोरेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हे दुसरे वनस्पतिजन्य द्रव्य यांची जोडगोळी सहा महिने दिली. पॉलिपांची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी आणि आकार सुमारे ५० टक्क्यांनी घटला. हा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. आजही हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातींत त्या आकड्यांचे पडसाद दिसतात. पण ते रुग्ण फक्त पाच होते, आणि तुलनेसाठी प्लासिबो घेणारा गट नव्हता. क्रुझ-कोरेया तिथेच थांबल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला: त्याच आजाराचे ४४ रुग्ण, निम्म्यांना दिवसाला तीन ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना प्लासिबो, आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि पॉलिप मोजणाऱ्यालाही नाही. बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांत पॉलिपांच्या संख्येत वा आकारात फरक दिसला नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी जोडीला क्वेर्सेटिन नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरी पहिल्या निबंधाची कात्रणे माझ्याकडे आजवर कितीतरी जणांनी आणून दिली आहेत आणि दुसऱ्याचे एकानेही आणलेले नाही.

हिरव्या चहाची गोष्ट याच वळणाची आहे. जपानमध्ये पॉलिप काढलेल्या १३६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, चहाच्या अर्काच्या गोळ्या वर्षभर घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना पुन्हा पॉलिप आले, असे २००८ मध्ये जाहीर झाले. जर्मनीत तीच कल्पना प्लासिबोसह ८७९ जणांवर तीन वर्षे तपासली गेली, तेव्हा २०२२ मध्ये हे आकडे ५१ आणि जवळजवळ ५६ टक्के असे आले, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल इतकाच फरक. चहाच्या अर्काची मात्रा जास्त झाली तर यकृताला इजा होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये बजावले आहे. कपातल्या चहाबद्दल ते नव्हते, गोळीतल्या अर्काबद्दल होते. रेझवेराट्रॉलबद्दल तर फार लिहिण्यासारखे काही नाही. आतड्याच्या वीस रुग्णांवरच्या एका छोट्या अभ्यासात पेशींची वाढ पाच टक्क्यांनी मंदावल्याचे दिसले होते. दुसऱ्या एका कर्करोगात, मायलोमात, रोज पाच ग्रॅमची मात्रा देऊन पाहिली तेव्हा काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि चाचणी बंद करावी लागली.

आता बर्बरीन. आपल्या बातमीतल्या चारांपैकी ज्याच्याबद्दल खरोखर बातमी व्हावी असे हे एकच, आणि नेमके त्याच्याच वाट्याला अर्धी ओळ आली होती. दारुहळदीच्या मुळातील आणि खोडातील हे पिवळे द्रव्य चीनमध्ये जुलाबावर दीर्घकाळ वापरात आहे. तिथल्या सात रुग्णालयांनी मिळून, पॉलिप काढलेल्या ११०८ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला बर्बरीनची ०.३ ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दुसऱ्याला प्लासिबो. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात बर्बरीन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा पॉलिप आले. हा निबंध २०२० चा आहे, आणि त्याची बांधणी चोख आहे. तरी तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट वाचायला हवे. ज्यांचे पॉलिप कोलोनोस्कोपीने, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून, आधीच काढलेले होते, त्यांच्यात नवे पॉलिप कमी आले, एवढे तो सांगतो. कर्करोग झालेल्या माणसाने बर्बरीन घेतले तर गाठ विरघळते, असे त्यात एका अक्षरानेही म्हटलेले नाही. शिवाय ती गोळी शुद्ध द्रव्याची, मोजून केलेली होती. मुळाच्या चूर्णात ते द्रव्य किती उतरते हे मुळागणिक बदलते. आणि बर्बरीन यकृतातली काही एंझाइमे रोखते, त्यामुळे इतर औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते.

या शेवटच्या मुद्द्यावर मी मुद्दाम थांबते, कारण ‘दुष्परिणामांशिवाय’ या शब्दाचा सर्वांत मोठा धोका इथे आहे. औषधी वनस्पती केमोच्या औषधाला भेटते तेव्हा काय होते, याचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर युरोपात सर्रास घेतली जाणारी वनस्पती आहे. आयरिनोटेकॅन चालू असलेल्या पाच रुग्णांना ती दिली, तेव्हा त्यांच्या रक्तातले एसएन-३८, म्हणजे औषधाचा प्रत्यक्ष काम करणारा अंश, ४२ टक्क्यांनी घटला. रुग्ण पाचच होते आणि त्याबद्दल मी आत्ताच कुरकुर केली आहे. पण इथे कारणही माहीत आहे. ही वनस्पती यकृतातले सीवायपी-३ए-४ हे एंझाइम वाढवते आणि ते एंझाइम आयरिनोटेकॅनची विल्हेवाट भलत्या वाटेने लावते. रुग्ण सुई टोचून घेतो, जुलाब सोसतो, केस गमावतो, आणि औषध मात्र जवळजवळ अर्ध्यावर येते, तेही कुणाला न कळता. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणूनच त्याला ‘दुष्परिणाम नाही’ असे म्हणणे सोपे जाते.

याहून पुढचे पाऊल म्हणजे प्रस्थापित उपचार सोडून देणे. अमेरिकेतल्या कर्करोग-नोंदींच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न पसरलेल्या कर्करोगावर फक्त पर्यायी उपचार पत्करलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रस्थापित उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांशी केली होती. त्यात आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेचार पट आढळला. हे पर्यायी उपचार सगळेच वनस्पतींचे होते असे नाही. पण या आजारात वाया गेलेल्या महिन्यांची किंमत काय असते, ते यावरून समजते. रोग आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण तिथल्या नोंदींनुसार ९० टक्क्यांच्या आसपास असते. तोच दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर ते १५ टक्क्यांच्या आसपास येते.

झाडातून आलेल्या रेणूने आतड्याचा कर्करोग टाळता येतो, याचा भक्कम पुरावा हवा असेल तर तो एका अत्यंत साध्या गोळीत आहे, आणि तिला नैसर्गिक म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. विलो वृक्षाच्या सालीतल्या सॅलिसिनपासून सुरू झालेली वाट १८९७ मध्ये अॅस्पिरिनपर्यंत आली. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता असलेल्या ८६१ जणांवर प्लासिबोसह झालेल्या चाचणीत, रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन निदान दोन वर्षे घेणाऱ्यांत पुढच्या काळात आतड्याचा कर्करोग स्पष्टपणे कमी झाला. हे २०११ मध्ये दिसले आणि पुढच्या दीर्घ पाठपुराव्यातही टिकले. गाठीत पीआयके-३सीए या जनुकाच्या वाटेवरचे बिघाड असणाऱ्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत रोजच्या १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिनने आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे स्कँडिनेव्हियातील चाचणीने २०२५ मध्ये दाखवले. कोणत्या रुग्णाला, किती, किती दिवस, हे सगळे इथे मोजलेले आहे, आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही मोजलेला आहे. म्हणून तीही कुणी आपल्या मनाने सुरू करू नये.

दादाच्या त्या बाटलीचे पुढे काय झाले ते सांगून विनंतीकडे वळते. मी ती त्याच्या संमतीनेच डॉक्टरांपुढे ठेवली. ते रागावतील या भीतीने दादा खिडकीबाहेर पाहत होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचले. सात वनस्पतींची नावे होती, पण प्रत्येकीचा कोणता भाग, अर्क की चूर्ण आणि किती मिलिग्रॅम, यांपैकी काहीच नव्हते. “यातलं काय कशाला छेदेल, हे मला सांगता येत नाही,” ते म्हणाले, “केमो संपेपर्यंत बाजूला ठेवा, आणि पुढे काही घ्यावंसं वाटलं तर आधी मला दाखवा.” सिस्टरने सातही नावे फाइलमध्ये उतरवून घेतली. दादाने एवढेच विचारले, “तुम्ही आधी का नाही विचारलंत?” सिस्टर म्हणाल्या, “काका, दर वेळी विचारते. तुम्ही औषध म्हणजे औषधच समजता.” तेव्हापासून त्या विभागात ‘आणखी कुठलं औषध?’ या प्रश्नापुढे ‘काढा, चूर्ण, कॅप्सूल, अर्क, काहीही’ अशी पुस्ती जोडली जाऊ लागली. मला ती पुस्ती फार मोलाची वाटते.

वृत्तपत्रानेही अशीच एक पुस्ती जोडावी, ही माझी विनंती आहे. वनस्पतिजन्य संयुगांवरच्या संशोधनाच्या बातम्या आपण जरूर द्याव्यात. त्या विषयाने माझे आयुष्य भरलेले आहे आणि त्यातून पुढचे आयरिनोटेकॅन निघावे असे मलाही वाटते. मात्र प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर; माणसांवर असेल तर किती जणांवर आणि तुलनेचा गट होता की नव्हता; आणि शुद्ध द्रव्य किती मात्रेत दिले, एवढे तरी पहिल्या दोन परिच्छेदांत असावे. प्रस्तुत बातमी ज्या संशोधनावर आधारलेली होती तो निबंध मी काढून वाचला. तो आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर, काचेच्या बशीत केलेला प्रयोग होता, आणि ‘दुष्परिणामांशिवाय’ असे त्याच्या लेखकांनी कुठेही म्हटलेले नाही. ही दोन वाक्ये आपण त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत.

आपली नम्र,
औषधनिर्माणशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका